पाठीवरचे डोळे

३० ऑगस्ट, शनिवार

पक्षी आला. चावला. दोन्ही गोष्टी दहा मिनिटांच्या आत उरकल्या.

चावला तो डाव्या अंगठ्याला, म्हणून लिहिता तरी येतंय. ही वही लीॲनने नाताळला दिली होती. "आई, रोज मनातलं लिहीत जा, बरं वाटेल." आठ महिने ड्रॉवरमध्ये पडून होती. आज काढली, कारण सूला म्हणाली की रोजची नोंद ठेवा: वजन, खाणं, जखम. मनातलं तिने काही मागितलेलं नाही.

सूला पापास ही पक्ष्यांची डॉक्टर. छळलेले, टाकून दिलेले पोपट ती आणि तिची माणसं सोडवून आणतात आणि बरी घरं बघून देतात. आज ॲडलेडहून पांढरी व्हॅन घेऊन आली. पक्षी कोरेला आहे, लहान चणीचा पांढरा काकाकुवा, डोळ्यांभोवती निळसर कातडी. म्हणजे आमच्या पोर्ट ट्रेलॉनमध्ये ज्या जातीचं नाव काढलं की माणसं तोंड वाकडं करतात, त्या जातीचा. हजारांनी येतात, किनाऱ्यावरची झाडं बोडकी करतात, धान्याच्या कोठारांवर पडतात. गेल्या महिन्यात कौन्सिलच्या सभेत त्यांना गोळ्या घालायचा ठराव आला, तेव्हा निम्म्या गावाने टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सूलाच्या संस्थेला फोन करून टाकला.

हा अकरा वर्षं कुणाच्या तरी शेडमध्ये पिंजऱ्यात होता. छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटली, आणि पिसं संपल्यावर कातडी. पन्नास सेंटच्या नाण्याएवढी ओली जखम आहे. गळ्यात प्लास्टिकची कॉलर, तरी मान वाकडी करून तिथवर पोचतोच.

सूलाने आडपडदा ठेवला नाही. "नोएलीन, तुमचं घर हे त्याचं पाचवं. सहा आठवडे देते. अकरा ऑक्टोबरला मी येईन. जखम भरली तर कागद पक्के करू. नाही भरली तर मी त्याला आणखी फिरवणार नाही. एक इंजेक्शन देईन आणि सोडवेन."

मी म्हटलं, इंजेक्शन तुझ्या पिशवीतच राहू दे.

फॉर्म भरला. शेवटच्या रकान्यात विचारलंय की तुमच्यानंतर पक्ष्याची जबाबदारी कोण घेणार. हे पक्षी साठ वर्षं जगतात. हा पंधराचा, मी बहात्तरची. हिशेब मलाही येतो. रकाना रिकामा सोडला.

३१ ऑगस्ट, रविवार

लीॲनचा फोन. मी पक्षी आणला हे तिला फोनमध्ये ऐकू आलं, मी सांगायच्या आधी. नुसता किंचाळत होता.

"आई, या वयात? आणि कोरेला? त्या फ्लॅटमध्ये प्राणी-पक्षी चालत नाहीत, तुला माहीत आहे."

"कुठल्या फ्लॅटमध्ये?"

"माझ्या घराजवळचा. आपण बघून आलो तो."

"तू बघून आलीस. मी गाडीत बसले होते."

मग म्हणाली, "आणि त्या फॉर्मवर माझं नाव घालू नकोस. मी दिवसभर कामावर असते, शेजारी भिंतीला भिंत. मला नाही जमणार." मी विचारलंही नव्हतं. मी कुणाला काही विचारत नसते. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "हो आई, तेच तर."

त्यात काय 'तेच तर' होतं कोण जाणे.

३ सप्टेंबर, बुधवार

हा एकच वाक्य बोलतो. "आत हो!" जाडा, पुरुषी आवाज. माझा हात दाराकडे गेला की आधी तेच बोलतो आणि मग मागच्या कोपऱ्यात जाऊन थरथरतो. कागदावर नाव प्रिन्स आहे. त्या नावाला ढुंकून बघत नाही. मीही त्याला अरे म्हणते.

आज सकाळी सहाला मर्व्हचं सुरू झालं. मर्व्ह ट्रेझीझ, शेजारचा. शहात्तर वर्षांचा आडमुठा बॉयलरवाला. मागच्या अंगणात बदामाची तीन झाडं आहेत त्याची, आणि बदाम कोवळे असतानाच कोरेलांची धाड येते. म्हणून हा सकाळ-संध्याकाळ कचऱ्याच्या डब्याचं पत्र्याचं झाकण घेऊन त्याच्यावर लोखंडी पाना हाणत बसतो. वर्षानुवर्षं ऐकतेय, माझ्या कानाला आता कळतही नाही. पण पहिल्या ठोक्याबरोबर हा पिंजऱ्यात उलटापालटा झाला, कॉलर गजांत अडकवून घेतली आणि सुटल्यावर छातीला भिडला. रक्त.

गेले तशीच, झोपेच्या कपड्यांत, कुंपणापाशी.

"मर्व्ह, ते झाकण बंद कर."

"का?"

"माझा पक्षी घाबरतो."

"त्याचे भाऊबंद घाबरावेत म्हणूनच वाजवतोय."

"त्याने तुझा एक बदाम खाल्लेला नाही."

"बावीस वर्षं धान्याच्या काट्यावर बसून गॅसची तोफ कोण उडवत होतं, नोएलीन? मी?"

मी त्याला म्हटलं की तुझं कुंपण माझ्या हद्दीत चार इंच आलंय. तो म्हणाला, सहा. आणि पुन्हा ठोकायला लागला.

तोफेचं खरं आहे. गोळा नसतो तिच्यात, नुसता धडाका, पक्षी उडवायला. ट्रक काट्यावर घ्यायचे, पावती फाडायची आणि दर वीस मिनिटांनी तोफेचा खटका ओढायचा. थवा उठायचा तो आभाळ पांढरं करून उठायचा. तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला नाही कधी. हे मर्व्हला मी मेले तरी कबूल करणार नाही, पण इथे लिहिते.

६ सप्टेंबर, शनिवार

आठवडा झाला. वजन चारशे अडुसष्ट ग्रॅम, आला तेव्हा होतं त्याहून कमी. जखम तशीच. मका, पालक, मोड आलेली कडधान्यं, सगळं खाली फेकतो. मी समोर बसून गोड गोड बोलते, डोळ्यांत डोळे घालून, पुस्तकात लिहिलंय तसं. गोड बोलणं मला जमत नाही हे त्यालाही कळतं.

आज दुपारी चिडले. म्हटलं, तू तिकडे बघ, मी इकडे. खुर्ची फिरवली, त्याच्याकडे पाठ केली आणि त्याचं किंचाळणं ऐकू येऊ नये म्हणून पेपर मोठ्याने वाचायला लागले. हाताला लागलं ते भरती-ओहोटीचं पान. "सोमवार, भरती पाच वाजून बारा मिनिटं, ओहोटी अकरा वाजून चाळीस." बुधवारपर्यंत पोचले आणि लक्षात आलं की स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणाचाच आवाज नाही.

मागे वळून बघितलं, तर परत किंचाळला.

सूलाला फोन केला. ती म्हणाली, "त्याच्याकडे रोखून बघणारा माणूस म्हणजे त्याच्यासाठी संकट. पिंजऱ्याच्या पत्र्याला बाहेरून पोचे होते, नोएलीन. कुणीतरी रोज समोर उभं राहून काहीतरी हाणत होतं. तुमची पाठ त्याला आवडली असेल तर पाठ द्या."

बहात्तर वर्षांत माझी पाठ कुणाला आवडल्याचं पहिल्यांदाच ऐकलं.

१० सप्टेंबर, बुधवार

रोज दोन तास पाठ करून बसते. भरती-ओहोटी, गव्हाचे भाव, मृत्यूच्या बातम्या. मृत्यूच्या बातम्या त्याला फार आवडतात, दाणे फोडायचा आवाज तेव्हाच येतो. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवते. मर्व्ह ठोकायला लागला की मी आणखी मोठ्याने वाचते. काल घसा बसला.

वजन चारशे ऐंशी.

१४ सप्टेंबर, रविवार

आज तो बाहेर आला.

मी ऐकत होते. गजांवर नखं, मग दारावर, मग खुर्चीच्या पाठीवर. मी वाचायची थांबले नाही. कुणी श्रीमती हॉकिंग गेल्या होत्या, अठ्ठ्याऐंशी वर्षं, तीन मुलं, अकरा नातवंडं, कुंडीतल्या रोपांची आवड. अकराव्या नातवंडापाशी त्याने माझ्या मानेवरचे केस चोचीत धरले. ओढले नाहीत. एकेक केस मुळापासून टोकापर्यंत चोचीतून नेला, जशी ते आपली पिसं साफ करतात. मग ब्लाऊजच्या कॉलरचं बटण काढून खाली टाकलं.

मला रडू आलं. लिहिते, कारण ही वही कुणी वाचणार नाही. श्रीमती हॉकिंगची बातमी मी चार वेळा वाचली.

१७ सप्टेंबर, बुधवार

पोस्टाच्या कोपऱ्यावर मॅगपायने, त्या कावळ्याएवढ्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याने, झडप घातली. वसंतात त्यांची पिल्लं असतात, मग नर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर येतो, आणि तोही मागून, भेकड मेला. सायकलवर होते. कान फाटला. रक्त गळत घरी आले, तर मर्व्ह त्याच्या फाटकाशी उभा.

"काय झालं?"

"पोस्टाने टोचलं."

तो हसला नाही. कानाकडे बघत राहिला. मी आत निघून आले.

आमच्या पक्ष्याला कान दिसलाच नाही, तो पाठीवर खूश आहे. आज खांद्यापर्यंत आला. जखमेवर खपली धरली आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी फाटकावर आइस्क्रीमचा रिकामा डबा लटकवलेला. दोन लिटरचा. गावात वसंतात सगळे घालतात तसला: डबा पालथा डोक्यावर, हनुवटीखाली इलॅस्टिक, आणि मागच्या बाजूला रंगवलेले दोन मोठे डोळे. आपल्याकडे कुणी बघतंय म्हटल्यावर मॅगपाय मागून येत नाही. चिठ्ठी नव्हती. पण हिरवा रंग मर्व्हच्या पत्रपेटीचा होता, आणि डोळ्यांना पापण्यासुद्धा काढल्या होत्या, एकेक करून. एवढा रिकामा वेळ असेल तर माणसाने कुंपण मागे घ्यावं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कसं लिहू.

डबा घालून पोस्टात गेले. मॅगपाय तारेवर बसून राहिला, आला नाही. परत आले, किटली ठेवली, तेवढ्यात लीॲनचा फोन आला. पुन्हा तो फ्लॅट. माझं डोकं तापलं, फोन आपटला, पेपर उचलला आणि खुर्चीत बसले. त्याच्याकडे पाठ करून. रोजच्यासारखी.

तो तेव्हा पिंजऱ्याच्या दारात बसला होता, माझी वाट बघत.

जो आवाज त्याने काढला तो मी याआधी ऐकला नव्हता. भिंतीवर आपटला, फ्रिजवर, खिडकीवर. कॉलर तुटली. मी "अरे काय झालं, अरे काय झालं" करत त्याच्यामागे, आणि मी पाठ वळवली की तो आणखीच वेडापिसा. शेवटी कपाटाच्या मागे शिरला आणि तिथून तो मर्दानी आवाज, "आत हो! आत हो! आत हो!" वीस वेळा.

दीड तासाने टॉवेलमध्ये धरून पिंजऱ्यात ठेवला. जखम उघडी, पहिल्यापेक्षा मोठी. हात धुवायला न्हाणीघरात गेले तेव्हा आरशात दिसलं. डबा माझ्या डोक्यावरच होता.

सगळ्या जगात त्याला एकच जागा सापडली होती जिथून कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. तिथे मी डोळे लावून बसले.

२० सप्टेंबर, शनिवार

सूलाने फोनवर फोटो बघितले.  मग म्हणाली, "मांसापर्यंत गेलंय. औषध पाठवते. पण तीन आठवड्यांत हे भरेल असं मला वाटत नाही. तुम्ही म्हणत असाल तर मी उद्याच येते. त्याच्यासाठी, नोएलीन. हरण्या-जिंकण्याचा प्रश्न नाही."

"अकरा ऑक्टोबर म्हणालीस ना? मग अकरा ऑक्टोबरला ये. त्याआधी ही व्हॅन माझ्या रस्त्यावर दिसली तर टायर फोडेन."

फोन ठेवला आणि डबा घेऊन कुंपणापाशी गेले. मर्व्ह झाकण घेऊन उभाच होता.

"हे तुझे डोळे. ठेव तुझ्याजवळ." आणि डबा त्याच्या अंगावर फेकला. काय झालं ते सगळं सांगितलं, सांगितलं म्हणजे ओरडले. तो पक्षी आता मरणार, तुझ्या झाकणाने नाही मेला तर तुझ्या डब्याने मेला, असं म्हटलं. डबा मी घातला होता, मी काढायची विसरले होते, हे मला ओरडतानाही माहीत होतं.

त्याने डबा उचलला, माती झटकली. "मला वाटलं, तुझा कान..." एवढं म्हणाला आणि आत गेला.

२२ सप्टेंबर, सोमवार

पहिल्यापासून. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तरी तो गजांना धडकतो. माझी पाठही आता नको.

स्वयंपाकघराच्या लिनोलियमवर चौकोन आहेत, दारापासून पिंजऱ्यापर्यंत सतरा. खुर्ची दाराबाहेर मांडली. पाठ करून, केस मोकळे सोडून, म्हणजे डोक्यावर काही नाही हे त्याला दिसावं. रोज एक चौकोन मागे सरकायचं. सतरा दिवसांनी नऊ ऑक्टोबर येते. होतंय. बसतंय गणितात. कोण म्हणतं होत नाही?

२५ सप्टेंबर, गुरुवार

तिसरा चौकोन. औषध मक्यातून घेतो. वजन चारशे पंचावन्न.

मर्व्हचं झाकण वाजलं नाही. काल-परवाही वाजलं नसावं. खांदा धरला असणार, दरवर्षी धरतो. बरं झालं.

२७ सप्टेंबर, शनिवार

फुटबॉलची फायनल. सगळं गाव टीव्हीसमोर. दर गोलला रस्ताभर आरडाओरडा, फक्त शेजारून चकार शब्द नाही. दरवर्षी मर्व्ह रेडिओ एवढा मोठा लावतो की मला स्कोअर भिंतीतून कळतो. खांदा दुखला म्हणून रेडिओ लावता येत नाही की काय?

पाचवा चौकोन. आज तो धडकला नाही. पिंजऱ्याचं दार पुन्हा उघडं ठेवलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दहावा. मृत्यूच्या बातम्यांना आज दाणे फोडल्याचा आवाज. दोनदा. खपली पुन्हा धरली, कडेने आत येतेय. मी सूलाला कळवलेलं नाही, नजर लागायला नको.

मर्व्ह मात्र चळलाय. सकाळी त्याच्या बदामांवर ही एवढी कोरेलांची टोळी बसली होती, हिरवी फळं तोडतात, एक घास खातात आणि टाकतात. जमिनीवर सालींचा सडा. आणि हा व्हरांड्यात कप घेऊन बसलेला, नुसता बघत. झाकण पायाशी पडलेलं. ती झाडं ऑड्रीने लावलेली. ऑड्री त्याची बायको, तीन वर्षं झाली जाऊन. नाताळला ती बदामाचा केक करून गल्लीत वाटायची, आता हा करतो, करपवतो आणि तरी वाटतो. यंदा सगळ्यांची सुटका झाली म्हणायची.

खिडकीतून ओरडावंसं वाटलं, अरे उठ, वाजव. मग आठवलं की मीच नको म्हटलं होतं. पण त्याने माझं कधी ऐकलंय?

५ ऑक्टोबर, रविवार

आजपासून उन्हाळी वेळ, सगळ्यांनी घड्याळं एक तास पुढे केली. त्याला काय त्याचं. मी वेळेवर बसले तर त्याच्या मते मी तासभर लवकर आले. सवयीच्या वेळेला बटण कुरतडायला यायचा तसा खुर्चीच्या अंगाने चार पावलं आला आणि परत गेला. तेरावा चौकोन आहे, अजून चार हात अंतर. पण आला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सतरावा चौकोन. खुर्चीची पाठ पिंजऱ्याला टेकली. पाऊण तास गव्हाचे भाव वाचले. मग नखं. मग माझ्या डाव्या खांद्यावर पाव किलोचं की अर्ध्या किलोचं, त्याचं सगळं वजन. मानेवरचा एक केस.

एवढंच. 

११ ऑक्टोबर, शनिवार

सूला सकाळी अकराला आली. मी टायर फोडले नाहीत.

त्याला तिने टॉवेलमध्ये घेतलं, तो तिला म्हणाला, "आत हो!" आणि चावला. पाचशे चार ग्रॅम. जखमेच्या जागी गुलाबी कोरडी कातडी, आणि कडेने बारीक काट्यांसारखी नवी पिसं. सूलाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. "मी अठरा वर्षं हे काम करतेय," म्हणाली आणि वजन लिहून घेतलं. मी तिला खिमा-बटाट्याची पेस्टी गरम करून दिली.

मग तिने फॉर्म काढला. शेवटचा रकाना.

"नोएलीन, हा भरलेला नाही."

"माझ्यानंतरही मीच. लिही."

"चालणार नाही. हा पक्षी आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षं जगेल. सहावं घर त्याला अचानक मिळालं तर काय होईल ते तुम्हीच बघितलंय. नाव नसेल तर संस्था कागद पक्के करत नाही. मी तुम्हाला तीनदा सांगितलं."

"नाहीतर काय? इंजेक्शन?"

"नाही हो. आता तो बरा आहे. आता त्याला कुणीही घेईल. माझ्याकडे यादी आहे, तरुण माणसं आहेत." तिलाही हे बोलताना बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. "गावात मला आणखी दोन घरी जायचंय. चारला परत येते."

म्हणजे मी त्याला बरा केला, आणि आता तो बरा झाला म्हणून नेणार.

बारा वाजले. एक वाजला. मी पाठ करून बसले आणि तो माझे केस साफ करत होता. लीॲनचं नाव तिने स्वतःच नको म्हटलेलं. काट्यावरची माझ्याबरोबरची माणसं एकतर वर गेली नाहीतर अशा फ्लॅटांत. आणि मी कुणाला काही विचारत नसते, हे मी लीॲनला किती ताठ मानेने सांगितलं होतं.

दीडला उठले. कुंपणापाशी नाही, फाटकातून, पुढच्या दाराने गेले. मर्व्हच्या दारात उभी राहायची ऑड्रीच्या अंत्यविधीनंतर ही पहिली वेळ.

त्याने दार उघडलं. मागच्या खिडकीतून झाडं दिसत होती. तिन्हींवर एक फळ नव्हतं.

"बदाम गेले तुझे," मी म्हटलं.

"गेले."

"झाकण का नाही वाजवलंस?"

"खांदा दुखत होता."

"कुठला?"

त्याने आधी उजव्याला हात लावला, मग डाव्याला. मी त्याच्याकडे बघत होते, तो त्याच्या बुटांकडे. बावीस वर्षं मी तोफ उडवली आणि हा माणूस तीन आठवडे हाताची घडी घालून ऑड्रीची झाडं खाऊ देत बसला. आणि मी वहीत लिहून ठेवलंय, बरं झालं.

"मर्व्ह," मी म्हटलं, "मला तुला एक विचारायचंय."  आणि विचारलं. मी मेल्यावर तू त्याला घेशील का, असंच विचारलं, दुसरं कसं विचारणार?

"मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे, नोएलीन."

"माहीत आहे. पण तुझं खोड चिवट आहे."

"माझ्यानंतर?"

"तुझ्यानंतरचं तू बघ. तुझा पुतण्या आहे ना शेतावर, तो लहान आहे, त्याला विचार. तुला विचारायला काय जातं? मी विचारलं की नाही?"

त्याने पुतण्याला फोन केला. दोन मिनिटं हं, हं, केलं. "हो म्हणतोय," म्हणाला. "पण आधी मला पक्षी बघू दे. न बघता सही करणार नाही मी."

"बघायचं नाही," मी म्हटलं. "तीच तर गोष्ट आहे."

त्याला खुर्चीत बसवलं, पाठ करून, टोपी काढायला लावून. पेपर हातात दिला. मर्व्ह वाचतो म्हणजे शब्द शब्द ठोकतो, "ओ-हो-टी, दोन, वाजून, सहा." मी दाराबाहेर उभी. अर्धा तास काहीच नाही. मग मर्व्हने खिशात हात घातला, एक बदाम काढला, गेल्या वर्षीच्या बरणीतला, आणि मागे न बघता हात खुर्चीच्या मागे धरला. वाचत राहिला.

तो आला. बदाम घेतला, खाली टाकला, आणि अंगठ्याला कडकडून चावला.

मर्व्ह दचकला नाही. हात तसाच मागे, रक्त लिनोलियमवर, आणि हा "भरती, आठ, वाजून, वीस." बऱ्याच वेळाने खाली पडलेला बदाम फोडल्याचा आवाज आला.

चारला सूला आली. रकान्यात दोन नावं होती, मर्व्हिन ट्रेझीझ आणि त्याखाली पुतण्याचं, आणि सहीशेजारी तांबडा डाग.

"हे काय?" तिने विचारलं.

"त्यानेही सही केली," मी म्हटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी लीॲनला फोन करून सांगितलं की फ्लॅटवाल्यांना नाही म्हणून कळव. मग म्हटलं, पुढच्या रविवारी ये, तुला विचारतेय. तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "येते. पक्षी चावेल?"

"चावेल. तू त्याच्याकडे बघू नकोस."

मर्व्ह कुंपण मागे घ्यायला आला होता, सहा इंच. मी म्हटलं राहू दे, नुसतं मधे एक फळी काढ, मला दर वेळी पुढच्या दाराने यायला लावू नकोस. अंगठ्याला पट्टी बांधलेली, पहिल्या दिवशी माझ्या होती तशीच. तो डबा मागून घेतला त्याच्याकडून. त्याने फेकला नव्हता. शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवला होता.

फाटकाच्या खांबावर चार खिळे मारून ठोकला. रस्त्याने येणाऱ्याला पहिले ते दोन हिरवे डोळे दिसतात, पापण्यांसकट. पोस्टमन म्हणाला, नोएलीन, भीती वाटते गं. म्हटलं, वाटू दे.

डोळे रस्त्याकडे आहेत. घराकडे डब्याची पाठ आहे.